मागील बाकी

संगणकावरची घरहिशेबाची फाईल फार जुनी झाली की ती बंद करून नवी सुरू करावी, असे जाणकार सांगतात. काम तसे एका बैठकीचे आहे. मी वापरते ते ग्नूकॅश नावाचे मोफत सॉफ्टवेअर. त्यात खात्यांचा सांगाडा तेवढा वेगळा काढून घेता येतो, व्यवहार मागेच राहतात. मग नव्या फाईलमध्ये प्रत्येक खात्यापुढे एकच आकडा चढवायचा, ३१ मार्चची शिल्लक. त्याची दुसरी बाजू 'आरंभीची शिल्लक' या खात्यात पडते. दुहेरी नोंदीच्या पद्धतीत पैसा आकाशातून पडत नाही, तो कुठून आला हे दाखवावेच लागते आणि मागचे काही दाखवायचे नसले की हे खाते पुढे येते. इतके झाले की मागची सगळी वर्षे त्या एका आकड्यात मावतात.

मावतात का, हा माझा प्रश्न आहे. आणि माझ्या लेखी तो हिशेबापेक्षा धर्माचा प्रश्न आहे.

मी श्रीगोंद्यात राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. घरची लिंबाची बाग आहे, थोडा ऊस आहे. माझी फाईल २००६ पासूनची. मुलगी पुण्याहून आली की म्हणते, "आई, ही उघडायलाच किती वेळ घेते! नवी कर ना. त्या जुन्यातलं तुला आता काय लागणार आहे?" तिचे म्हणणे चुकीचे नाही. फाईलमध्ये देना बँकेचे खाते अजून शून्यावर उभे आहे. ती बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये डब्यातल्या हजाराच्या आणि पाचशेच्या नोटा बँकेत भरल्याच्या नोंदी आहेत. सोसायटीच्या पीककर्जाची दरसालची उचल आणि भरणा आहे. किराणा, खत, औषधे, लिंबाची पट्टी, भिशी, सगळे आहे. आणि सगळ्यात खाली दोन खाती आहेत, ज्यांच्यापाशी माझा हात थांबतो. एक हातउसन्याच्या येण्याचे, दुसरे देण्याचे.

बाकीच्या खात्यांचा आकडा पुढे नेताना मनात काही येत नाही. बँकेत इतके रुपये आहेत म्हणजे आहेत. पण अमक्याकडून पंधरा हजार येणे, तमक्याचे बाराशे देणे, हे आकडे पैशांचे असले तरी त्यांच्या मागे माणसे उभी आहेत. मागची पाने फाडून नुसता आकडा पुढे नेला की त्या माणसाचे काय होते, हे आमच्या तालुक्याला चांगले ठाऊक आहे. दीडशे वर्षांपूर्वी इथे त्याच कारणावरून वह्या जळाल्या.

१८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षांपुरताच कोर्टात चालेल, असे त्यात होते. हेतू असा, की व्याज वर्षानुवर्षे साचू नये. झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार कुणब्याला बोलावी आणि नवा रोखा लिहून घेई. जुन्या रोख्यातले मुद्दल आणि न फिटलेले व्याज यांची बेरीज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून उतरे आणि त्या सगळ्यावर पुन्हा व्याज चालू होई. आपल्या धर्मशास्त्रात मनुस्मृतीपासून दामदुपटीचा नियम आहे. व्याज मुदलाहून अधिक वसूल करू नये असे तो सांगतो. नव्या रोख्याने तो नियम मोडावाही लागत नसे, नुसता वळसा घातला की झाले. व्याजालाच मुद्दल म्हटल्यावर दामदुप्पट मोजायची कशाची? कुणबी अंगठा उठवी. कागदावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे, आणि आधी काय फेडले त्याची पावती मिळत नसे.

अमेरिकेतले यादवी युद्ध चालू होते तोवर इकडच्या कापसाला भाव होता आणि सावकारही हात सैल सोडून कर्ज देत होते. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले, शेतसारा मात्र वाढला, आणि सावकारांनी हात आखडले. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. तिथून लोण आमच्या नगर जिल्ह्यात आले. श्रीगोंदे आणि पारनेर तालुक्यांतल्या गावांतही तेच झाले. लोकांनी मागितले काय, तर वह्या आणि रोखे. ते हाती आले की चौकात जाळायचे. काही ठिकाणी धान्य लुटले, घरे पेटवली. पण मुख्य राग कागदावर होता, हे पुढे सरकारने नेमलेल्या आयोगालाही दिसले. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका रयतेचा अर्ज त्या वेळच्या कागदपत्रांत आहे. सावकार कठोर अटी रोख्यात घालून घेतात आणि तेव्हाच धान्य-कपडा देतात, असे गाऱ्हाणे त्यात मांडले आहे. आयोगाने तपासलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज लावलेले निघाले.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते १८७९ चे कलम. त्या वर्षी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला आणि पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात न्यायाधीशाला सांगितले होते की समोरच्या रोख्यातला आकडा खरा धरून चालू नका. व्यवहार पहिल्यांदा झाला तिथपर्यंत मागे जा. मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हे वेगवेगळे मांडा, आणि मग काय उरते ते पाहा. म्हणजे कायद्याने आरंभीच्या शिलकेवर विश्वास ठेवायला नकार दिला. त्या कायद्याने खेड्यातले दारिद्र्य संपवले नाही, हेही खरे आहे. तरी तत्त्व म्हणून मला ते कलम कुठल्याही धर्मग्रंथाइतके आदरणीय वाटते.

आता धर्माकडे येते. आपल्याकडे माणूस जन्माला येतो तोच मागील बाकी घेऊन, असे मानतात. अनेक जन्मांचे साठलेले ते संचित, त्यातले या जन्मी भोगायला निघालेले ते प्रारब्ध, आणि आता करत आहोत ते क्रियमाण. लहानपणी आमच्या आईने हे मला भाजी निवडता निवडता सांगितले आणि मी ते मानले. अजून मानते. माझ्या वाट्याला काही वाईट आले तर ते माझ्याच खात्यावरचे असेल, या विचाराने मला पुष्कळ बळ दिले आहे. माणूस कुरकुरत नाही, दुसऱ्यावर खापर फोडत नाही.

पण शाळेत असताना मी हाच सिद्धान्त दुसऱ्या तोंडून ऐकला आणि तो कानाला टोचला. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुली दिवाळीपर्यंत वर्गात असत. दिवाळी झाली की बाक रिकामा. आईबाप कारखान्याच्या फडावर, धाकटी भावंडे सांभाळायला ही बरोबर. एकदा अशाच एका हुशार मुलीबद्दल मी हळहळले तेव्हा शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "प्रारब्ध असतं एकेकीचं." त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. पण त्या वाक्याने त्या मुलीच्या मागचे सगळे पान बंद केले. तिचे आईबाप का गेले, कुणाकडून किती उचल घेतली, ती कशासाठी लागली, पाणी कुठे मुरले, यातले काहीही विचारायची गरज उरली नाही. शिल्लक समोर आहे, ती तिची आहे, विषय संपला. सावकाराच्या नव्या रोख्यात आणि या वाक्यात मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे आकडा आहे आणि आकड्यामागची नोंद पाहायची सोय नाही.

म्हणून मी माझ्यापुरते ठरवून टाकले आहे की कर्मसिद्धान्त ज्याने त्याने स्वतःच्याच खात्याला लावावा. दुसऱ्याचे प्रारब्ध वाचायचा अधिकार कुणाला नाही. शास्त्रातही त्या खात्याची वही चित्रगुप्ताकडे ठेवली आहे, शेजाऱ्याकडे ठेवलेली नाही.

मग ही बाकी कधी पुसली जाते का? आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० मध्ये ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली. तिच्या चौथ्या अध्यायात ज्ञानाचा अग्नी सर्व कर्मे भस्म करतो असे भगवान सांगतात. जळण्याची भाषा तिथेही आहे. पण तो अग्नी ज्ञानाचा, म्हणजे जे आहे ते पुरते पाहिल्यावर पेटणारा. न वाचता वही जाळण्याशी त्याचा संबंध नाही. सुप्याला आणि श्रीगोंद्याला लोकांनी वह्या जाळल्या कारण त्यांना त्या वाचूच दिल्या नव्हत्या. मी त्या लोकांना दोष देत नाही. माझे आजोळचे पूर्वज त्या गर्दीत असणे अगदी शक्य आहे.

कागद नाहीसे करण्याची दुसरी गोष्ट महाराष्ट्रात प्रत्येकाला माहीत आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. दुष्काळाने घर धुऊन निघाले. बायको गेली, मूल गेले. मग तुकोबांनी लोकांकडच्या येण्याचे कागद इंद्रायणीत सोडायचे ठरवले. धाकटे बंधू कान्होबा यांनी सांगितले की आम्हाला संसार करायचा आहे. तेव्हा कागदांचे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा त्यांना दिला, आपल्या वाट्याचे कागद तुकोबांनी डोहात टाकले. ही कथा मी कीर्तनात पुष्कळदा ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी वैराग्याची कथा म्हणूनच ऐकली. हिशेबाच्या नजरेने पाहिली तेव्हा तिच्यातली काटेकोर शिस्त दिसली. तुकोबांनी येणे बुडवले. आपले देणे बुडवले असे कुणीच सांगत नाही. आणि बुडवले तेही फक्त स्वतःच्या वाट्याचे. भावाच्या हक्काला हात लावून त्यांनी औदार्य केले नाही.

तुकोबांचे चरित्र विस्ताराने सांगणारे महिपती आमच्या जिल्ह्यातले, राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. घराकडे कुलकर्णीपण होते, म्हणजे गावाचा हिशेब लिहिणे हेच काम. परंपरा अशी सांगते की पूजेच्या वेळी चाकरीचे बोलावणे आले; ते उठले, काम पुरे करून आले, आणि लेखणी पांडुरंगापुढे ठेवून म्हणाले की यापुढे ही चाकरीसाठी चालणार नाही. नंतर त्याच हाताने भक्तविजय आणि भक्तलीलामृत लिहिले. त्यातला 'काम पुरे करून' हा भाग मला फार मोलाचा वाटतो. अर्धी कीर्द टाकून ते देवाकडे गेले नाहीत.

शिर्डीच्या साईबाबांची रीत आणखी वेगळी होती. दिवसभर दक्षिणा घ्यायची, ती त्याच दिवशी वाटून टाकायची, दुसरा दिवस फकिराच्याच झोळीने सुरू करायचा. मागील बाकी नावाची गोष्टच नाही. पण ती फकिराची मोकळीक आहे. ज्याने सोसायटीचे कर्ज काढले, पोरांची लग्ने केली, ज्याच्या घरी आहेराची वही आहे, त्याला ती मागता येत नाही. आहेर नुसता खर्च नसतो. अमक्याने आपल्या लग्नात पातळ दिले, तर त्याच्या घरच्या लग्नात आपण तोलाचे नेतो. ही वही फाडून 'आजपासून नवी सुरुवात' म्हणणाऱ्याला आम्ही गावात विरक्त म्हणत नाही.

एवढा विचार करून मी माझ्या दोन खात्यांकडे परत आले.

येण्याच्या खात्यात एका नातलगाकडचे पंधरा हजार होते. नुसती शिल्लक पाहिली की दरवेळी मनात एक कडवटपणा येई. इतकी वर्षे झाली, लग्नाकार्यात भेटतो, विषय काढत नाही. नवी फाईल करण्याआधी मी त्याची मूळ नोंद उघडली. तारीख २०१३ च्या उन्हाळ्यातली. त्याच आठवड्यात आमच्याही घरच्या नोंदी आहेत, पाण्याच्या टँकरच्या, कडब्याच्या. त्या वर्षी जिल्हाभर चारा छावण्या होत्या. माणसे जनावरांबरोबर छावणीत राहत होती. त्याने पैसे घेतले ते विहिरीचे बोअर घ्यायला, आणि बोअर कोरडे गेले. हे मला माहीत होते, पण शिलकेने ते झाकून टाकले होते. शिल्लक दर वर्षी तशीच पुढे येत राहिली आणि हळूहळू माझ्या मनात तो बुडवणारा माणूस होऊन बसला. मूळ नोंद वाचल्यावर तो पुन्हा २०१३ चा माणूस झाला. ते येणे मी नव्या फाईलमध्ये नेले नाही. त्याला फोन करून तसे सांगितलेही, कारण मनातल्या मनात माफ केले तर त्याच्या डोक्यावरचे ओझे तसेच राहते.

देण्याच्या खात्यात बाराशे रुपये आहेत. १९८६ मध्ये माझ्या बीएडच्या प्रवेशाच्या वेळी वडिलांच्या एका स्नेह्यांनी ते दिले. बाजारात ते मापाडी होते. कागद नाही, साक्षीदार नाही. नोकरी लागल्यावर मी पैसे घेऊन गेले तर काका म्हणाले, "राहू दे गं, लागले की मागेन." त्यांनी मागितले नाहीत. ते एकटेच होते, मागे कुणी नाही. फाईल सुरू केली तेव्हा मी हे देणे पहिल्यांदा लिहिले. व्याज कधी लावले नाही. काकांना ते आवडले नसते. मुलगी म्हणते, "तेवढे एखाद्या मुलीच्या फीला दे आणि खाते बंद कर." फी मी देते. पण हिशेबात ती खर्चाच्या बाजूला पडते, काकांचे देणे त्याने कमी होत नाही, आणि तसे दाखवणे मला खोटे वाटते. देणे माफ करण्याचा अधिकार फक्त ज्याचे आहे त्याचा. नगरचे जैन व्यापारी संवत्सरीला घरोघर जाऊन, हात जोडून, माणसाकडेच क्षमा मागतात ते याचसाठी. काका नाहीत, म्हणून हे देणे आता कुणीच पुसू शकत नाही. आपल्या परंपरेत पितृऋण, ऋषिऋण म्हणतात ते बहुधा असेच असावे. ते फेडून संपत नाही, सांभाळून पुढे न्यायचे असते. नव्या फाईलच्या देण्यात पहिली ओळ काकांची आहे. जुनी फाईलही मी पुसली नाही; दोन ठिकाणी प्रती ठेवल्या आहेत, लागेल तेव्हा उघडायला.

एक गोष्ट मात्र माझ्या घरापुरती ठेवून भागणार नाही. पाथर्डी-शेवगावकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी दरसाल कोयता घेऊन फडावर जातात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात. हंगामात ती फिटली नाही तर उरलेली बाकी पुढच्या सालावर चढते, आणि पुढच्या साली तो नुसता एक आकडा असतो. कितीशे टन तोडले, दर काय धरला, खाडे किती कापले, आजारपणात दिलेले किती, हे त्या बाईला कुणी वाचून दाखवलेले नसते. १८७९ मध्ये कोर्टाने कुणब्यासाठी केले ते आज तिच्यासाठी व्हायला हवे. ज्यांच्या ओळखीत मुकादम आहेत, ज्यांचा कारखान्यात शब्द चालतो, ज्यांच्या शाळेतून दिवाळीनंतर मुली जातात, त्या सर्वांना माझी विनंती आहे. यंदा नवी उचल देण्याआधी मागच्या सालचा हिशेब त्या जोडप्याला ओळीनओळ वाचून दाखवा, दोघांनाही, आणि त्याची लेखी प्रत त्यांच्या हातात द्या.